कौलांच्या रांगेतली जागा

सत्यवान गावडे एसटीच्या आगारात तीस वर्षे मेकॅनिक होते. निवृत्त होऊन ते धामापूरच्या पुढे असलेल्या आमच्या वाडीत कायमचे राहायला आले, तेव्हा वाडीने त्यांना ओळखले ते त्यांच्या हातांवरून. भात लावणारे, काजूची कलमे बांधणारे हात वाडीत पुष्कळ होते. नट किती आवळला गेला आहे हे न बघता बोटांनी सांगणारा माणूस एकच होता. नात्याने ते माझे चुलतकाका. मी पुण्यात राहतो आणि मे महिन्यात पंधरा दिवस गावी जातो. त्यामुळे त्यांची ही हकीकत थोडी मी पाहिलेली आहे, आणि बरीचशी मथुराकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सांगितलेली.

लॉकडाउन उठल्यानंतरच्या हिवाळ्यात वाडीतल्या निम्म्या घरांत कुणाला ना कुणाला साखर किंवा रक्तदाब निघाला. आशा सेविका असलेली स्वप्ना घरोघरी जाऊन तपासत असे आणि डॉक्टरांचा निरोप देत असे, की रोज चाला. म्हणून सकाळी साडेसहाला सात-आठ माणसे तळ्याच्या रस्त्याने चालत जायची आणि तशीच परत यायची. काका अंगणात दात घासत उभे असायचे. चार दिवस त्यांनी नुसते पाहिले. पाचव्या दिवशी विचारले, "रिकाम्या हातान खंय चललास रे? वरातीक?"

सगळ्यांत पुढे रेशन दुकानवाला सुदेश होता, आणि वाडीत सर्वांत जाडही तोच. त्याने वजनाचे कारण सांगितले. काका म्हणाले, घाम गाळायचाच आहे तर तो कशाच्या तरी उपयोगी पडू द्या. तिथे वाचनालयाची पडवी चार वर्षे कुणी झाडलेली नाही.

वाचनालय म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीने डोक्यावरून चिरे वाहून उभी केलेली, कौलारू छपराची इमारत. तीन कपाटे पुस्तके, वर्तमानपत्रांचे एक लांब टेबल आणि मागे एक मोठी खोली. ग्रामसभा, लसीकरण, साखरपुडे, निरोपसमारंभ, सगळे त्या खोलीत व्हायचे. वापरणारे सर्व होते, निगा राखणारे कुणी उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी चालणारी माणसे तळ्याकडे न जाता वाचनालयाकडे वळली. काजूची बाग एकटीने सांभाळणाऱ्या पासष्ट वर्षांच्या सुभद्राबाईंनी पहिल्याच दिवशी आवाराच्या भिंतीचे पडलेले चिरे उचलताना गुडघे धरले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, "डाक्टरान चलूक सांगल्यान, चिरे व्हावूक नाय."

पण त्या दुसऱ्या दिवशीही आल्या. काकांनी विहिरीचा पंप मुद्दाम बंद ठेवला. पाणी रहाटाने काढायचे, एक बादली उजव्या हाताने आणि दुसरी डाव्या हाताने न्यायची, फरशी ओणवे न होता बसून पुसायची, असे नियम त्यांनी घातले. गडगा, म्हणजे आवाराची ती चिऱ्यांची भिंत, ढासळला होता तो पुन्हा रचला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सुदेशच्या दुकानातल्या धान्याच्या काट्यावर एकेकाचे वजन व्हायचे आणि स्वप्ना बोटे टोचून साखर बघायची. सुभद्राबाई काट्यावर चढण्याआधी बांगड्याही काढून ठेवत. वर्षभरात सुदेशचे पोट आत गेले, तेव्हा त्या म्हणाल्या की आता रेशनचे तांदूळ वाडीला पुरतील.

या साऱ्या कामांत सर्वांत मोठे काम वैशाखातल्या शाकारणीचे. पावसाआधी छपरावरची कौले उतरवायची, शेवाळ घासून धुवायची, फुटकी बाजूला काढायची आणि बाकीची पुन्हा चढवायची. त्यासाठी जमिनीपासून शिडीवरून छपरापर्यंत माणसांची रांग लागे आणि कौल हातोहात वर जाई. काकांनी इथे आगारातली एक शिस्त आणली. घेणाऱ्याने कौल दोन्ही हातांत नीट धरले की ‘आसा’ म्हणायचे, म्हणजे आहे, माझ्या हातात आले. आणि देणाऱ्याने तो शब्द ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही. दोन दिवस वाचनालयाभोवती दुसरा शब्द ऐकू येत नसे. आसा, आसा, आसा. रांगेचे शेवटचे टोक छपरावर, आणि तिथे काका. शिडीच्या शेवटच्या पायरीवरून सुदेश देई, काका ‘आसा’ म्हणत आणि कौल वाशावर बसवत. पहिल्या दोन वर्षांत एकही कौल खाली पडले नाही.

घरातही त्यांना तीच सवय लागली. मथुराकाकूंनी चहाचा कप पुढे केला की ते ‘आसा’ म्हणत आणि मगच काकूंनी बशी सोडायची. दोघांची ती थट्टा होती. एका सकाळी ‘आसा’ म्हटल्यावर कप त्यांच्या हातातून घसरला. काकूंना वाटले, लक्ष नसेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच झाले. त्या कप अर्धाच भरू लागल्या. काकांनी ते पाहिले. कुडाळच्या डॉक्टरांनी कंपवात असल्याचे सांगितले, गोळ्या दिल्या आणि उंचावर चढू नका असे बजावले.

त्या वर्षीच्या शाकारणीत काका छपरावर चढलेच. पहिल्या सकाळी तीन कौले खाली आली. तिन्ही वेळा ‘आसा’ म्हटल्यानंतर. सुभद्राबाईंनीसुद्धा तुकडे गोळा करून मुकाट्याने कोपऱ्यात टाकले. त्यानंतर एकही कौल पडले नाही. कारण सुदेश आता ‘आसा’ ऐकूनही हात सोडत नव्हता. काकांनी कौल वाशापर्यंत नेले की मग तो बोटे काढी. त्यासाठी त्याला शिडीवर अर्धे अंग बाहेर काढावे लागे. त्याला वाटत होते, काकांच्या ध्यानात येत नाही. पण ज्या माणसाला नटाचा अर्धा फेरा बोटांना कळतो, त्याला कौलावरची दुसरी पकड कशी कळणार नाही? त्या दुपारी घरी येऊन काका काकूंना एवढेच म्हणाले, की माझ्या ‘आसा’वर आता कुणाचा भरवसा नाही.

पुढचे वर्षभर मथुराकाकूंना एकच भीती होती. हा माणूस पुन्हा चढेल आणि पडेल. त्यांनी हरप्रकारे सांगून पाहिले. काका विचारत, मग कोण चढणार? एप्रिलमध्ये त्या सुदेशच्या दुकानात गेल्या आणि त्याला म्हणाल्या की तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना सांगा. सुदेश खाली मान घालून पोत्याची सुतळी सोडत राहिला. ज्यांनी आम्हाला वाचनालयाकडे वळवले, त्यांनाच खाली उतरा म्हणून कसे सांगायचे, असे तो म्हणाला. स्वप्नाने सांगावे असे सुदेशला वाटत होते, सुभद्राबाईंनी सांगावे असे स्वप्नाला, आणि सुभद्राबाईंचे म्हणणे होते की पुण्याचा पुतण्या येईल तो सांगेल. मी आलो. मीही सांगितले नाही.

शाकारणीच्या सकाळी, कामाला हात घालण्यापूर्वी, पायरीवर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायची रीत आहे. वडीलधारा माणूस ग्रामदेवतेला हाक मारून एकेक मागणे सांगतो आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी बाकीचे सर्व ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हा मान काकांकडे होता. पण कंपवातात हातांबरोबर आवाजही जातो. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की दोन हातांवरच्या माणसालाही शब्द कळत नव्हते. त्याने काही अडत नव्हते. गाऱ्हाण्यात काय असते हे सर्वांना लहानपणापासून पाठ. काकांचे ओठ थांबले, मान किंचित खाली गेली, की आम्ही म्हणत होतो, "व्हय म्हाराजा." मी रांगेत खालून तिसरा होतो. सर्वांबरोबर मीही म्हणालो, आणि शेवटच्या मागण्याला तर जरा मोठ्यानेच, कारण ऊन चढत होते आणि काम सुरू करायचे होते.

नारळ फुटला. सुदेशने शिडी लावली, पायाने दाबून धरली आणि दरवर्षीप्रमाणे म्हणाला, "चला काकानू."

काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, "आत्ताच तुमी सगळ्यांनी व्हय म्हटलास मां?"

कशाला, ते कुणालाच समजेना. सुदेश आमच्याकडे बघू लागला, आम्ही एकमेकांकडे. काकांनी दोन्ही हात पुढे धरले. ते हलत होते, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी ते लपवले नाहीत. मग जेवढा आवाज निघू शकत होता तेवढ्या आवाजात त्यांनी आपले शेवटचे मागणे पुन्हा सांगितले. "ह्या हातांका आता कौल धरूक जमणा नाय, म्हाराजा. ह्येंका मोकळे कर. माझी जागा दुसऱ्याक दी, आणि तेचो पाय सांभाळ."

सुभद्राबाई म्हणाल्या, "आमका ऐकाक येवक नाय रे, सत्यवान."

"देवाक इला मां? बस झाला."

देवासमोर दिलेला होकार मागे घेता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. कदाचित म्हणूनच त्यांनी ती वाट धरली असावी. आमच्यापैकी कुणाला तोंडाने ‘उतरा’ म्हणावे लागू नये, एवढी त्यांनी आमची सोय केली. मथुराकाकू चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. वर्षभर त्यांनी जे मागितले होते तेच झाले होते. त्या पाठ फिरवून विहिरीकडे गेल्या आणि भरलेली किटली तशीच हातात धरून तिथे उभ्या राहिल्या.

सुदेश छपरावर चढला. पश्चिमेकडून तिसऱ्या वाशावर भार देऊ नको, एवढे काकांनी त्याला सांगितले. मग ते जोत्यावर बसून राहिले. रांग सुरू झाली, तेव्हा पहिल्या काही कौलांना कुणीच ‘आसा’ म्हटले नाही. काकांनी काठी आपटल्यावर म्हणू लागले.

तो पावसाळा मोठा होता. जुलैत दहा-बारा दिवस सूर्य दिसला नाही. वाचनालयात पाण्याचा थेंब पडला नाही. वर्तमानपत्रेसुद्धा कोरडी राहिली. सुदेशला याचे फार कौतुक वाटले. ओल्या छत्रीनिशी तो काकांकडे आला आणि त्याने सांगितले की एका कौलालासुद्धा गळती नाही. त्याला वाटले, काकांना आनंद होईल. काका म्हणाले, बरे झाले. पावसातही ते रोज सकाळी काठी टेकत वाचनालयाच्या पायरीपर्यंत जाऊन बसत असत. दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. गुडघा दुखतो असे त्यांनी काकूंना सांगितले. गुडघ्यांचा त्रास त्यांना कधीच नव्हता.

माणसांची वाट मात्र त्यांच्याच दारावरून होती. रोज साडेसहाला झाडू, घमेली, बादल्या घेऊन ती जात. लांबून त्यांच्या गप्पा-गजाली ऐकू येत, सुभद्राबाईंचा आवाज सर्वांच्या वर. गावड्यांचा गडगा आला की सर्व गप्प होत. आत झोपलेल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून पावलेसुद्धा जपून टाकत. गडगा संपला, बांध ओलांडला, की पुन्हा बोलणे सुरू. काका खाटेवर जागे असत. काकू म्हणतात, आवाज थांबला की त्यांचे डोळे दाराकडे जात आणि पुन्हा सुरू होईपर्यंत ते हलत नसत.

दसऱ्यानंतर एके दिवशी काकू सुदेशच्या दुकानात गेल्या. तिथे सुभद्राबाईही होत्या. काकू म्हणाल्या, "आमच्या दारात इलास की गजाली बंद करतास, तां नको. तेंका कळता."

दोघांनीही मान डोलावली. दुसऱ्या सकाळी माणसे आली, गडग्याजवळ पोहोचली, आणि कुणीच बोलणे थांबवले नाही. सुदेश मोठ्याने म्हणाला की यंदा थंडी लवकर पडणार. स्वप्ना म्हणाली, हो, लवकरच पडणार. सुभद्राबाईंनी कुणाच्या तरी गाईची चौकशी केली, तिचे उत्तर कुणी दिले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा तेच विचारले. एवढ्यात गडगा संपला.

काका खाटेवर बसून ऐकत होते. ते काकूंना म्हणाले, "आज उगाच बोलतत गो. तू सांगलंस?"

काकूंनी नाही म्हटले. मग त्यांनी दार लोटून घेतले आणि अर्धा कप चहा स्वतःच्या हाताने त्यांच्या ओठांना लावला.