कुलूप निघालं का?

वाट पाहणाऱ्याजवळ दुसरं काही नसलं तरी किस्से भरपूर जमतात. ज्यांना सगळं लगेच मिळतं, त्यांच्याजवळ सांगायला असणार तरी काय! आम्ही तिघं मित्र, म्हणजे मी, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवणारा संजू आणि बिल्डरांचे नकाशे काढणारा दिलीप. पन्नाशीला टेकलो, तरी गेम खेळतो. पण नवा गेम आला की घेत नाही. त्याचं कुलूप निघेपर्यंत थांबतो.

कुलूप हा आमचा शब्द. कॉपी होऊ नये म्हणून कंपनी गेमला ते लावते. गेम आपण विकत घेतलेला, पण खेळताना दर वेळी नेटवरून कंपनीची परवानगी पाहिजे! काही कंपन्या दोन-चार वर्षांनी ते काढतात, काही कधीच नाही.

* * *

हा नियम दिलीपचा. त्याच्या लाडक्या गेमच्या कंपनीनं एक दिवस आपला सर्व्हर बंद केला आणि विकत घेतलेला गेम जागच्या जागी मेला.

दिलीप म्हणाला, "फ्लॅट मी घेतला, अन् चावी बिल्डरजवळच राह्यली गा!"

तेव्हापासून ठरलं. बिनकुलपाचा गेम आला की पहिले नेटची वायर उपटायची. तरीही चालला, तर तो आपला. दिलीप ती वायर पूजेचा नारळ फोडावा तशी उपटायचा.

* * *

संजू एकदा वैतागला. "काय बे, वाट कायची पाहतं? कुलूप तोडलेली कॉपी फुकट भेटते. पेनड्राइव्ह आण!"

दिलीप शांतपणे म्हणाला, "तोडणारा चोर, अन् लावणारा माह्यावर चोर म्हणून शक घेते. मी गिऱ्हाईक आहो गा. मले गिऱ्हाईकच राहू दे."

संजूनं पेनड्राइव्ह खिशात टाकला. त्या दिवशी टपरीवर त्यानं पोह्यावर झणझणीत तर्रीही मागितली नाही.

* * *

दिलीपची बायको, आमच्या मंदावहिनी, एकदा बसनं रामटेकला निघाल्या. दिलीपचा फोन चुकून त्यांच्या पर्समध्ये गेला होता. वाटेत कन्हानच्या आसपास तो वाजला आणि पलीकडून संजू ओरडला, "कुलूप निघालं!"

वहिनी तिथंच उतरल्या. दुसरी बस पकडून धापा टाकत घरी आल्या, तर दाराचं कुलूप जसंच्या तसं! संध्याकाळी आम्हाला तिघांना समोर बसवून म्हणाल्या, "तुमचं कुलूप अन् माहं कुलूप, नावं वेगवेगळी ठेवा."

आम्ही खूप हसलो. पोट धरून हसलो तो बहुतेक शेवटचाच दिवस.

* * *

कारण पुढच्याच महिन्यात दिलीपच्या नकाशात भिंत वाकडी आली. मग आणखी एक. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळपास गेलेला, उजव्यातून नळीतून पाहिल्यासारखं दिसत होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जमेल तेवढी सांभाळू, असं ते म्हणाले.

भेटायला आलेली मावशी म्हणाली, "मोतीबिंदूसारखं करून टाक ना ऑपरेशन!"

"मावशी, मोतीबिंदूत कुलूप निघते वं," दिलीप म्हणाला. "काचबिंदूत चावीच हरवते."

तेव्हा तो एकाच गेमची वाट पाहत होता. एक म्हातारा घोड्यावर बसून नदीच्या काठाकाठानं तिच्या उगमापर्यंत जातो, एवढाच गेम. जाहिरातीतले डोंगर त्यानं शंभरदा पाहिले असतील. डोळे आधी जातात की कुलूप, एवढाच प्रश्न उरला होता. मी हात जोडले, म्हटलं, या वेळी तरी घे कुलूपवाला. त्यानं नुसती नकाराची मान हलवली. मला त्याचा संताप आला होता, अजूनही येतो.

* * *

शेवटी संजूनं दिलीपच्या नावानं कंपनीला ईमेल लिहिला: माझी नजर चालली आहे, कृपा करून कुलूप काढा. दोन मिनिटांत उत्तर! 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. या सेवेला किती स्टार द्याल?'

संजूनं शिवी हासडली. दिलीप म्हणाला, "पाच दे. मशीन आहे ते, त्याचं मन काहून दुखवतं?"

* * *

दिवाळीनंतर उजवा डोळाही गेला. गेमचं कुलूप तसंच होतं. संजूनं आणि मी ठरवलं, आता पुरे. कुलूपवाला गेम घेतला, रविवारी सकाळी दिलीपच्या घरी नेऊन लावला आणि मी छातीठोक खोटं बोललो, "दिलीप, कुलूप निघालं!"

त्यानं कंट्रोलर हातात घेतला. टापांचा आवाज, पाण्याचा आवाज. मी सांगत गेलो, "नदी डाव्या हाताले आहे. समोर पूल. आता चढ लागून राह्यला." तो माझ्या आवाजावर घोडा चालवत होता आणि हसत होता. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

अर्ध्या तासानं दिलीपनं हात लांबवला, चाचपडत नेटची वायर शोधली आणि उपटली.

टापा थांबल्या. पाणी थांबलं. स्क्रीनवर पांढरी पाटी आली: कनेक्शन नाही. संजूनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "घोडा थांबला गा. उगम आला. पाणी इथं एकदम शांत आहे."

"पाण्यात आभाळ दिसते काय?"

"दिसते."

"मंग राहू दे असंच थोडा वेळ," दिलीप म्हणाला. "संजू, वायर लावू नको."