चौकशीबाई

रविता कटरेला आमच्या नागपूरच्या पलीकडच्या गोरेगावात चौकशीबाई म्हणत. हे नाव पाडणाऱ्यांत मीही होतो, ते आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी मला पकडायला नको. मी शालीकराम बिसेन, जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. ही पोरगी पाचवीत माझ्या वर्गात होती, तेव्हापासून तिचा हात सारखा वर. मी काहीही सांगितलं की विचारायची, “गुरुजी, हे तुम्हाले कोनं सांगतलं?” पुस्तकात आहे म्हटलं तर, “पुस्तकवाल्याले कोनं सांगतलं?” छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं कोणी पिडलं नाही.

पंचविसाव्या वर्षी तिला एक स्थळ आलं. मुलगा नागपुरात सरकारी नोकरीत, घरी धानाची शेती. आमच्या पोवार समाजात स्थळाची चौकशी कशी करायची हे ठरलेलं आहे. मुलाच्या बापाला काही विचारायचं नाही, तो चांगलंच सांगणार. त्याच्या शेजाऱ्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला, पानठेल्यावाल्याला विचारायचं. पण हे काम मोठ्या माणसांचं. रविताने काय केलं, तर मुलाच्या ऑफिसात स्वतः फोन लावला. मुलगा एका कंपनीमार्फत कंत्राटावर होता आणि कंत्राट दीड महिन्यात संपणार होतं. स्थळ मोडलं. वाचली म्हणून पेढे वाटायचे सोडून आम्ही सगळे तिच्यावरच चिडलो, की पोरीच्या जातीने असले फोन करतात का! नाव पडलं ते तेव्हा.

तिने ते मनाला लावून घेतलं नाही. एम.एस्सी., बी.एड. केलं आणि इथल्याच एका खासगी शाळेत आठ वर्षं गणित शिकवलं. पगार किती ते सांगत नाही, मास्तर म्हणून मलाच लाज वाटते. तिची एकच इच्छा होती, बाहेरच्या देशात जाऊन शिकवायचं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “गुरुजी, मी समुद्र पाह्यला नाई आजवर. आनि गनित तर कुठीबी सारखंच राह्यते.”

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक जण माझ्या अंगणात मोटारसायकल लावून उतरला. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. योगराज पटले, असं नाव सांगितलं. मालदीवमधल्या शाळांना भारतीय शिक्षक हवेत, आपल्या समाजाची पोरं जावीत अशी तळमळ आहे, म्हणून गावोगाव फिरतो म्हणाला. आता आमच्याकडे माणूस भेटला की पाणी द्यायच्या आधी कुर विचारतात, म्हणजे कुळ. बापाचं कुर, आईचं कुर, मामाचं गाव. तीन उत्तरं जुळली की माणूस घरचा. मी विचारलं. बापाकडून पटले, म्हणाला, आई बिसेन, मामा दवनीवाड्याचे मनिराम बिसेन.

आई बिसेन म्हटल्यावर मी विरघळलोच. “म्हणजे भाचाच की तू आमचा!” असं म्हणून त्याला जेवायला बसवलं. आमच्यात भाच्याचा मान मोठा. त्या दिवशी त्याला पोळ्या वाढताना मला एकदाही सुचलं नाही की याचा कामाचा परवाना विचारावा. उलट मीच त्याला रविताच्या घरी नेलं. केशोरीचा कैलाश म्हणून विज्ञानाचा एक मास्तर आहे, त्यालाही मीच फोन करून बोलावलं.

शाळेचं पत्र रंगीत होतं, खाली शिक्का, मुख्याध्यापिकेची सही. पगार आमच्या इथल्या सात-आठ पट. अट एवढीच की पुढच्या बाजाराच्या दिवशी मूळ पासपोर्ट, मूळ पदव्या आणि व्हिसाचे पैसे योगराजच्या हाती द्यायचे, आणि इथल्या नोकरीचा राजीनामा देऊन टाकायचा. कैलाशने पासपोर्ट त्याच दिवशी देऊन टाकला. रविता म्हणाली, “मले आठ दिवस द्या.”

ते आठ दिवस तिला कठीण गेले असणार. तिच्या जन्माची मेहनत त्या कागदांत होती आणि नोकरी सोडली की परतीचा रस्ता बंद. दुसरीकडे, आयुष्यात पहिल्यांदा तो समुद्र हाकेच्या अंतरावर आला होता. मी रोज जाऊन तिच्या मागे लागत होतो. “आपला मानूस आहे, पोरी. कायले एवढं तपासून राहिलीस?” तिची आई दुलारीबाई माझ्याच बाजूची. ती म्हणायची, “असीच बसशील विचारत, आनि विमान जाईल निंघून.”

रविता ऐकून घ्यायची आणि तिला करायचं तेच करायची. विदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटांची नोंद सरकारकडे असते आणि ती यादी मोबाईलवर कोणालाही पाहता येते. तिने ती पाहिली. योगराजचं नाव नाही, त्याच्या कंपनीचंही नाही. त्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, “लायसन्स बंबई के बड़े साहब के नाम पे है, मॅडम.” साहेबाचं नाव काय, तर ते विचारून सांगतो. मग तिने व्हिसाचं पाहिलं. योगराज म्हणायचा, विमानतळावर उतरल्या उतरल्या व्हिसा मिळतो, कामाचा नंतर करून देऊ. तिच्या वाचनात आलं की उतरल्यावर मिळतो तो फिरायला आलेल्यांचा, आणि तो तर फुकट असतो. त्यावर वर्गात उभं राहिलं की तो गुन्हा. कामाची परवानगी शाळेनेच काढायची असते, तीही माणूस निघायच्या आधी.

हे सगळं तिने मला सांगितलं. आणि मी, छत्तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, काय म्हणालो? म्हणालो, “अगं, कायदे कागदावर राहतात. मामा दवनीवाड्याचा आहे त्याचा!”

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडली नाही. म्हणाली, “बरं गुरुजी. मंग मामालेच विचारू.”

तिची मावशी रुख्मा दवनीवाड्यालाच दिलेली. रुख्माबाई दुसऱ्या दिवशी सकाळी मनिरामच्या घरासमोरच्या हातपंपावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन गेली आणि तिथल्या बायकांत जाऊन बसली. अर्ध्या तासात काय ते कळलं. दुलारीबाईला तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो.

“दुलारी, मनिराम बिसेन हाय ना अठी,” रुख्माबाई ओरडून सांगत होती, “पन त्याले बहीनच नाई वं! पाच भाऊच भाऊ. बहीन नाई त मंग भाचा कोठून येईल?”

माझा चहा बशीत सांडला. त्या माणसाने कुठल्या तरी लग्नपत्रिकेवरून गाव आणि नाव उचललं असणार. मी तिन्ही प्रश्न विचारले होते, पण विचारले त्यालाच. मुलाच्या बापालाच विचारायचं नाही हा आमचा नियम, आणि मोडला तो मीच. मला इतकी शरम वाटली की दुलारीबाईच्या नजरेला नजर देता येईना. ती बिचारी स्वतःच डोक्याला हात लावून बसली होती.

रविता मात्र तेवढ्यावर थांबणारी नव्हती. पत्र खोटं, पण त्यावरची शाळा तर खरी असेल? पत्रातला नंबर तिने बाजूला ठेवला. मालदीवच्या शाळांची माहिती शोधून त्या शाळेचा स्वतःचा नंबर काढला आणि आपल्या शाळेची मधली सुट्टी झाली तेव्हा फोन लावला. तिथल्या मुख्याध्यापिकेने पत्र मागवून घेतलं आणि सांगितलं, हे आमचं नाही, ही सही ज्यांची आहे त्या बाई दोन वर्षांपूर्वीच सोडून गेल्या. रविताने आभार मानले. फोन ठेवणार तेवढ्यात तिला राहवलं नाही. तिने विचारलं, “मॅडम, पण तुम्हाला गणिताची शिक्षिका खरंच हवी आहे का?”

हवी होती!

बाजाराचा दिवस आला. योगराज ठरल्याप्रमाणे माझ्या अंगणात आला. रविता फाईल घेऊन बसली होती, शेजारी कैलाश, आणि आत माझ्या बैठकीत साध्या कपड्यांतले दोन पोलीस. त्यांना आणायला मीच ठाण्यात गेलो होतो, तेवढं प्रायश्चित्त मला करायचंच होतं. फाईल मांडीवर ठेवून रविताने गोड आवाजात विचारलं, “भाऊ, मामाचं नाव का म्हनलं होतं तुमी?”

“मनिराम बिसेन, दवनीवाडा.”

तिने मोबाईल मधे ठेवला. स्पीकरवरून म्हातारा खणखणीत बोलला, “मी मनिराम बिसेन बोलून राहिलो. कोन होय रे माहा भाचा? मले बहीन दाखव पह्यले, मंग तुले भाचा म्हनतो!”

योगराज उठलाच. पण मोटारसायकलची किल्ली माझ्या धोतराच्या कनवटीला होती. पाहुण्याला पाणी देताना मी ती हळूच उचलली होती. आयुष्यातली माझी ती पहिली चोरी, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. आतून आलेल्या पोलिसांनी त्याला धरलं. त्याच्या डिकीत कैलाशचा पासपोर्ट सापडला, आणखी अकरा जणांचे सापडले. सगळे आमच्याच भागातले, आणि त्या प्रत्येकाच्या घरी तो कोणाचा तरी भाचा होता. पासपोर्ट पोलिसांमार्फत ज्याचे त्याला परत मिळाले.

पुढच्या तीन महिन्यांत रविताने खऱ्या शाळेशी व्यवहार केला आणि त्यांनाही सोडलं नाही. मोबाईलवर मुलाखत झाली, त्यात तिने तांदळाच्या ओंजळींवर गुणोत्तर शिकवून दाखवलं. मुलाखत संपल्यावर म्हणाली, आता मला तुमच्याकडच्या एखाद्या भारतीय शिक्षिकेशी एकटीशी बोलू द्या. केरळच्या एका बाईंशी बोलणं झालं. पगार वेळेवर होतो का, खोलीत पाणी आहे का, पासपोर्ट कोणाजवळ राहतो? स्वतःजवळ, असं उत्तर आलं तेव्हा कुठे तिने हो म्हटलं. पदव्यांवर सरकारी शिक्के करून आणले. करार आला, कामाची परवानगी हातात आली, मग राजीनामा, आणि तिकीट त्याच्याही नंतर. करार आणून तिने तो आधी माझ्यासमोर ठेवला.

“गुरुजी, तुम्ही वाचा. चुका काढा.”

“मले कायले दाखवून राहिलीस? माझी अक्कल पाह्यली ना तू.”

“व्याकरन तर तुमचं चांगलं आहे,” ती म्हणाली, आणि दोघंही हसलो. मी तो करार चारदा वाचला. चूक नव्हती.

ती गेली. नागपूरच्या विमानतळावर दुलारीबाई रडली, मीही रडलो, त्यात लपवायचं काय? आठ दिवसांनी फोटो आला. निळी-पांढरी साडी, मागे शाळा, शाळेच्या मागे समुद्र. बेटाचं नाव आम्हाला कोणालाच नीट उच्चारता येत नाही, म्हणून गोरेगावात त्याला रविताचं बेट म्हणतात. चौकशीबाई अजूनही म्हणतात, पण आता लोक तिच्या घरी कागद घेऊन येतात. हे पत्र खरं का, एजंट बरोबर का, असं दुलारीबाईला विचारतात, आणि दुलारीबाई मोठ्या थाटात सांगते, “पह्यले त्याच्या शेजाऱ्याले विचारा.”

परवा कैलाश माझ्याकडे आला. रविताच्या शाळेत विज्ञानाची जागा निघाली आहे, तिने त्याला कळवलं होतं. तो निरोप त्याने मला मोबाईलवर वाचून दाखवला. मी तो पुन्हा वाचायला लावला.

“कैलाशभाऊ, जागा चांगली आहे. पण मी सांगते म्हनून येऊ नका. शाळेचा नंबर तुम्ही स्वतः शोधा, स्वतः फोन करा. आनि माझ्याबद्दलबी विचारा त्याह्यले.”

त्याने विचारलं होतं. मुख्याध्यापिका फोनवर हसल्या म्हणे. म्हणाल्या, आमच्याकडे नोकरी लागण्याआधी त्या मॅडमनी आमचीच मुलाखत घेतली होती, आणि आता वर्गातली पोरंही हात वर करून विचारतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?