लोणीकाकांचा डावा पाय

लोणीकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते शहरातला कुठलाही जुना प्रवासी सांगेल. एकतीस वर्षं त्यांनी शहरातली बस चालवली, आणि ती अशी की उभ्यानं जाणाऱ्याला वरची दांडी धरावी लागू नये. गाडी कधी सुटली, कधी थांबली, ते खिडकीबाहेर बघितल्याशिवाय कळायचं नाही. त्यांच्या बसमध्ये लोक पेपर वाचायचे, लेकरं झोपायची, आणि एक बाई तर रोज सकाळी छोट्या आरशात बघून डोळ्यांत काजळ घालायची. चालत्या बसमध्ये काजळ, म्हणजे विचार करा. दुसऱ्या कुणाच्या बसमध्ये हा उद्योग केला असता तर बाई थेट डोळ्यांच्या दवाखान्यात उतरली असती.

डेपोत नवा ड्रायव्हर आला की त्याची परीक्षा काकाच घ्यायचे. इंजिनच्या झाकणावर स्टीलचा पेला काठोकाठ भरून ठेवायचा आणि कारंज्याच्या चौकाला वळसा घालून परत यायचं. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. ही पेल्याची गोष्ट त्यांच्या लेकीनं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की ती मधेच उठून बाहेर जायची, खेळून यायची, आणि गोष्ट कुठवर आली असेल ते तिला बरोबर ठाऊक असायचं.

तर असा हा माणूस. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, लेकीनं नवी गाडी घेतली, आणि पहिल्याच दिवशी काकांनी स्वतःच्या बायकोचं कपाळ समोर आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. पट्टा लावला होता म्हणून वाचलं.

लेक औषधांच्या कारखान्यात कामाला. तिला न्यायला कारखान्याचीच बस दारात यायची. म्हणजे गाडी घेतली ती आईबाबांसाठीच, पण असलं बोलून दाखवणाऱ्यातली ती नव्हे. गाडी पांढरी, नवीकोरी आणि बिनक्लचची. किल्ली खिशात ठेवायची, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं की चालू. गिअर टाकायचं काम गाडीचं गाडीच बघणार. पट्टा लावला नाही की ती ओरडे, दार नीट लागलं नाही की ओरडे, मागे भिंत आली की ओरडे. काका तिला "हो हो, कळलं" असं म्हणायचे. मागचं दाखवणारा कॅमेरा मात्र त्यांना मनापासून आवडला. आयुष्यभर कंडक्टरच्या शिट्टीवर भरवसा ठेवून बस मागे घेतलेली, आता आपल्या डोळ्यांनी मागचं दिसतंय म्हटल्यावर ते उगाचच दोनदोनदा गाडी मागे घ्यायचे.

काकूंचं शिवणकाम. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं मशीन, भिंतीला टांगलेले लोकांचे कपडे, आणि गळ्यात मोजपट्टी. अस्तर आणि दोरे आणायला त्या बाजारात जायच्या ते काकांच्याच बसनं. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट ही त्यांची ठरलेली जागा. दोघांच्या मधे लोखंडी जाळी, आणि जाळीवर पाटी की चालकाशी बोलू नये. नवऱ्याशी बोलायचं नाही अशी पाटी लावलेली बाई जगात मी एकटीच, असं त्या गिऱ्हाइकांना हसत सांगायच्या. एकतीस वर्षं त्यांना दिसली ती फक्त काकांची मान. मानेवरचे केस काळ्याचे पांढरे झाले तेही त्यांनी तिथूनच बघितलं.

म्हणून गाडी आली त्या दिवशी काकूंनी कपाटातली ठेवणीतली चप्पल काढली आणि त्या थेट पुढे जाऊन बसल्या. लेक मागे. काकांनी गाडी फाटकातून अशी अलगद बाहेर काढली की वॉचमननं मान डोलावली. पहिला सिग्नल येईपर्यंत सगळं ठीक होतं.

बसमध्ये थांबायचं म्हटलं की डाव्या पायानं क्लच खालपर्यंत दाबायचा, आणि तो दाबायला बैलाची ताकद लागते. दिवसाला हजार वेळा दाबायचा. सिग्नल लाल झाला तसा काकांचा डावा पाय उठला आणि आपलं काम करायला निघाला. क्लच तर नव्हता. शेजारी ब्रेकचं रुंद पेडल होतं, तेच त्याला सापडलं. गाडी जागच्या जागी गपकन थांबली. काकूंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, लेकीच्या हातातला फोन पुढच्या सीटखाली गेला, आणि मागून येणारा स्कूटरवाला काकांच्या सात पिढ्यांबद्दल जे बोलला ते इथं लिहिता येणार नाही.

दुसऱ्यांदा हे गतिरोधकावर झालं. तिसऱ्यांदा स्वतःच्याच फाटकात, त्याच वॉचमनच्या देखत.

पुढचे आठ दिवस काकांनी सगळे उपाय करून बघितले. पाय मागे ओढून बसले, तो उसळून पुढे आला. डावी चप्पल काढून बसले, तो अनवाणी जाऊन ब्रेकवर आदळला. पाय मांडीखाली दुमडून त्यावरच बसून बघितलं, तर मुंग्या येऊन उतरताना दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. "पाय माझाच आहे, पण ऐकत नाही," ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांना खरोखर लाज वाटली.

बाकी गाडीची देखभाल विचाराल तर त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. रोज सकाळी सातला काका फडकं घेऊन खाली. तेल बघायचे, पाणी बघायचे, गाडीभोवती एक फेरी मारून चारही टायर बोटांच्या पेरांनी वाजवायचे. लेक म्हणायची, बाबा, हवा किती ते पडद्यावर दिसतं. काका म्हणायचे, दिसू दे. एका सकाळी पडदा म्हणाला चारही टायर उत्तम, आणि काकांनी मागच्या डाव्या टायरच्या खाचेत घुसलेला खिळा शोधून काढला. त्यातून अजून हवासुद्धा जायला लागली नव्हती. पंक्चरवाल्यानं तोंडात बोट घातलं.

पण खिळा शोधणं वेगळं आणि चालवणं वेगळं. सोमवारी जेवताना लेकीनं विषय काढलाच.

"बाबा, येत्या रविवारी तुमची परीक्षा. पेला काठोकाठ भरून आईच्या हातात. कारंज्याच्या चौकाला वळसा घालून परत यायचं."

"आणि सांडला तर?"

"तर आपण पगारी ड्रायव्हर ठेवू. मी मागे बसते तेव्हा माझा जीव मुठीत असतो, आणि आई तर पुढे बसते."

काकांचा चेहरा असा पडला की लेकीला बोलल्याचा पस्तावा झाला, पण शब्द तिनं मागे घेतला नाही. तिचंही चुकत नव्हतं. काका ताटावरून अर्धपोटी उठले. लोणीकाकांना ड्रायव्हर! डेपोत ही बातमी गेली तर जुने सोबती हसून हसून लोळतील, हे तर होतंच. पण त्याहून खोल एक गोष्ट त्यांना खात होती. ज्या पायानं एकतीस वर्षं हे घर चालवलं, तोच आता घरच्यांची डोकी फोडायला निघाला होता. आणि ती बिचारी ठेवणीतली चप्पल दाराशी तशीच पडून होती.

गुरुवारी दुपारी काका खिडकीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले होते. काकू शेजारी मशीनवर. समोरच्या थांब्यावर बस आली, तसा काकांचा डावा पाय फरशीवर दाबला गेला. बस सुटली, पाय हळूच वर आला. दुसरी बस आली, पुन्हा तेच. काकांना पत्ताच नव्हता. काकूंनी तीन बस मोजल्या आणि मशीन थांबवलं.

"अहो, मी पायाचं मशीन सोडून मोटारीचं घेतलं, तेव्हाचं काही आठवतंय?"

"तेव्हाचं काय?"

"सगळी शिवण वाकडी जायची. आठवडाभर रडकुंडीला आले होते. हातांना पायांची सवय होती ना, पाय हलले नाहीत तर हात सरळ चालायचेच नाहीत. मग काय केलं मी?"

"काय केलंस?"

"वाका आणि बघा खाली."

काका वाकले. टेबलाखाली एक जुनी लाकडी फळी होती, तिच्याखाली मधोमध एक दांडकं. काकूंचे दोन्ही पाय त्या फळीवर होते. काकूंनी बटण दाबून मशीन चालू केलं तशी फळी पुढेमागे डुलायला लागली. ती कशालाही जोडलेली नव्हती. बारा वर्षं ही बाई असं करत होती आणि काकांनी एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं.

"पायाला गप्प बस म्हटलं म्हणून तो बसत नसतो," काकू म्हणाल्या. "त्याला त्याचं काम द्या."

एवढं बोलून त्या उठल्या आणि काचेच्या कपाटातून घड्याळाशेजारचा रबराचा तुकडा काढून आणला. हे काकांच्या बसच्या क्लच पेडलचं रबर. निवृत्तीच्या दिवशी डेपोच्या मेकॅनिकनं ते पेडलवरून उपसून, कागदात गुंडाळून काकांच्या हातात ठेवलं होतं. एका बाजूला पार झिजून गुळगुळीत झालेलं. काकू दर आठवड्याला त्यावरची धूळ पुसायच्या.

दोघं खाली गेले. ब्रेकच्या डावीकडे, पाय नुसता टेकवायला म्हणून गाडीत एक उतरती जागा दिलेली असते. काकूंनी तिची लांबीरुंदी घेतली, मग काकांच्या पायाचं माप घेतलं, अगदी गिऱ्हाइकाचं घेतात तसं. त्या जागेवर घट्ट चढेल अशी जाड कॅनव्हासची पिशवी शिवली, तिच्यावर रबर चार वेळा टीप मारून बसवलं, आणि आत कोटाच्या खांद्यात घालतात त्या स्पंजाचे थर भरले. तीन थर घातले तर काका म्हणाले, सैल लागतोय. सात घातले तर म्हणाले, दगड. पाच थर झाले आणि काकांनी पाय ठेवून दाबला. रबर थोडं खाली गेलं, थोडं वर आलं. काकांनी तो पुन्हा दाबला.

"कसं आहे?" काकूंनी विचारलं.

"हाच," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग दोन्ही हातांनी ओढून बघितलं. पिशवी तसूभर हलली नाही, ब्रेकच्या वाटेत तर मुळीच येत नव्हती. शुक्रवार आणि शनिवार, लेक कामावर गेली की दोघं बाजारामागच्या रिकाम्या मैदानात गाडी घेऊन जायचे. लेकीला ताकास तूर लागू दिली नाही.

रविवारी सकाळी लेकीनं स्वतःच्या हातानं पेला भरला, इतका की वर फुगवटा आला. काकू ठेवणीतली चप्पल घालून पुढे बसल्या, पेला दोन्ही हातांत, मांडीच्या वर. लेक मागे बसताना तिचं लक्ष खाली गेलं.

"बाबा, हे काय आहे?"

"क्लच."

"या गाडीला? कशाला जोडलाय तो?"

"मला," काका म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

फाटक गेलं. गतिरोधक गेला. सिग्नलला डावा पाय उठला, रबरावर पडला, खालपर्यंत दाबला गेला, समाधान पावला. उजव्यानं ब्रेक दाबला तो वेगळाच, हलका. गाडी थांबली ते लेकीला शेजारची स्कूटर थांबलेली दिसल्यावर कळलं. तिनं सीट धरली होती ती सोडून दिली.

कारंज्याच्या चौकात मात्र खरी परीक्षा झाली. थांब्यावरून एक बस सुटली, ना दिवा, ना हात, सरळ काकांच्या पुढ्यात. लेकीनं डोळे मिटले. काकांचे दोन्ही पाय एकदम गेले, आपापल्या जागी. गाडी बसच्या मागे हातभर अंतर ठेवून थांबली, आणि लेकीनं डोळे उघडले तेव्हा सगळं शांत होतं.

"या बसवाल्याची परीक्षा घेतली कुणी?" काका पुटपुटले. मग त्यांना आठवलं. "मीच घेतली होती."

घराच्या फाटकात गाडी उभी राहिली. लेक पुढे वाकली.

"आई, सांडलं का?"

काकू काकांकडे बघत होत्या.

"आई, पाणी सांडलं का?"

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या.

लेक म्हणाली, "अगं, पेला तुझ्याच हातात आहे."

"मी पेल्याकडे बघितलंच नाही." काकू अजून काकांकडेच बघत होत्या. "अहो, तुमचा डावा गाल आत जातो. डावा पाय दाबलात की डावा गाल आत. दर वेळी. एकतीस वर्षं मी नुसती मान बघत बसले, मला काय ठाऊक पुढे हे असं चाललंय."

काकांचा हात आपोआप गालाकडे गेला. हे त्यांनाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? शेजारी कुणी बसलंच नव्हतं.

लेकीनं मान लांब करून बघितलं. पेला काठोकाठ होता. तिनं आईच्या मांडीवरून हात फिरवला, कापड कोरडं ठणठणीत. तिचा जीव भांड्यात पडला. खिशातली दुसरी किल्ली काढून तिनं आईच्या मांडीवर ठेवली, बाबांच्या खांद्यावर एकदा थोपटलं आणि उतरून घरात गेली.

काकू अर्धं पाणी प्यायल्या, अर्धं त्यांनी काकांना दिलं, आणि रिकामा पेला मागच्या सीटवर टाकला.

"चला," त्या म्हणाल्या, "परत एक फेरी. आता मला नीट बघू दे."

काकांनी गाडी चालू केली आणि डावा पाय रबरावर ठेवून दाबला. गाल आत गेला. काकू बघत होत्या. समोर रस्ता मोकळा होता, थांबायचं काही कारण नव्हतं, तरी काकांनी तो आणखी एकदा दाबला.