भावोजींची मान

आमच्या थोरल्या भावोजींना स्वस्थ बसलेलं देवानेही पाहिलं नसेल. जेवताना त्यांचा गुडघा हलतो, पेपर वाचताना मान हलते आणि हात तर सदा कशावर तरी ठेका धरून असतात. गावच्या भजनी मंडळाचे ते पखवाजवाले, मुलुंडला येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोटं तिकडचीच. एकदा रिक्षात बसून त्यांनी दांडीवर असा काही ताल धरला की रिक्षावाल्याने दोनदा गाडी बाजूला घेऊन इंजिन तपासलं. भावोजी खाली उतरून त्याच्यासोबत वाकून बघत होते. वर त्यालाच म्हणाले, "आवाज माका पण येय होतो!"

अशा माणसाच्या उजव्या हाताची बोटं यंदा पखवाजावर लुळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ आहे का ते एमआरआय केल्याशिवाय कळणार नाही, आणि कळल्याशिवाय औषध नाही. मग आमची धावपळ सुरू झाली. घाटकोपरला पहिल्यांदा गेलो, तर आतल्या माइकवरून बाई विचारायची, "काका, बरं वाटतंय ना?" आणि भावोजी मान डोलवून "होय" म्हणायचे. दर वेळी फोटो फिसकटला. बाहेर आल्यावर मलाच म्हणाले, "कोण इचारता, तर जबाब देऊक नको?" दुसऱ्यांदा माइक बंद ठेवला. पण मशीन ठकठक करू लागलं आणि सम आली की यांची मान आपोआप खाली. "मशीनच ताल धरता, मगे मी काय दगड आसंय?" आमचे हे चिडले, "दादा, वाट लागली सगळी! जरा गप पडून राहता येत नाही?" मला मात्र रात्री झोप लागेना. दिवस चालले होते आणि बोटं आणखी लुळी पडत होती.

मग कोणीतरी अंधेरीतलं नवं मशीन सांगितलं. तिथली मुलगी समजावत होती, "काका, हे थोडक्या वेळात थोडंच टिपतं. मग हजारो फोटो बघून शिकलेला कॉम्प्युटर त्यातली खरखर काढून चित्र स्वच्छ करतो." भावोजी ताडकन उठून बसले. "म्हणजे डोक्या माझा, आणि चित्र त्याच्या मनातला?" ती हसली. "मनातलं नाही ओ काका. तुम्ही दिलेलंच तो निवडतो. पण तुम्हीच हललात तर तो बिचारा काय करणार?" भावोजींना हे पटलं असावं, कारण त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. सोबत कोणी आत बसलं तर चालेल, असं ती मुलगी म्हणाली. मंगळसूत्र, जोडवी, पिना सगळं काढून मी त्यांच्या पायाशी बसले आणि अंगठा धरून ठेवला. मशीनने ठेका धरला. मला वाटलं, आता अंगठा उडणार. तो हलला नाही. सगळं इतक्या लवकर आटोपलं की मला खरंच वाटेना. बाहेर आल्यावर त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं. म्हणाले, "सगळो ताल गिळून पडलंय गो."

चित्र लख्ख आलं. गाठ लहान आहे, वेळेवर दिसली, निघेल, असं डॉक्टर म्हणाले. हाताचं मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत भावोजी आता खिडकीशी बसून असतात, अगदी स्वस्थ. घरात इतकी शांतता कधीच नव्हती आणि मला ती सोसवत नाही. मी उगाच भांडी आपटते, डबे वाजवते, आणि चोरून त्यांच्या मानेकडे बघते. काल चपात्या करताना लाटणं पोळपाटावर मुद्दाम ठेक्यात आपटत होते. मान हलली नाही. पण बाहेर बघतच ते म्हणाले, "गो, घाई करतंस. लय सांभाळ."

मी लाटणं सावकाश केलं. परातीतली कणीक कधी संपूच नये असं वाटत होतं.