होऊन राह्यलं

पुण्याहून क्लायंटचा मेल आला. एकच ओळ होती: वैशालीचा आयडी आजच बंद करा. क्लायंट म्हणजे सोलर पंपांची कंपनी. तिच्या ग्राहकांचे फोन आम्ही वर्ध्यात बसून घेतो. आयडी बंद म्हणजे नोकरी गेली. वैशाली आर्वीहून रोज एसटीनं येते, आणि तिच्याइतकी शांत एजंट माझ्या टीममध्ये दुसरी नाही. माझं डोकंच फिरलं. मी क्वालिटी हेड, आणि मला साधं विचारलंही नव्हतं.

आरोप होता ‘फेटल’चा. ग्राहकाला चुकीची माहिती दिली की फेटल, मग माफी नाही. आंजीच्या एका भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यानं पंपाच्या कंट्रोलरची चौकशी केली होती. वर्कशॉपमध्ये त्याची दुरुस्ती चालू होती. वैशालीनं मात्र ‘काम राहिलं’ असं सांगितलं, असं कॉल तपासणाऱ्या क्लायंटच्या ऑडिटचं म्हणणं.

मी तिला बोलावून घेतलं. तिनं आल्या आल्या विचारलं,

“मॅडम, मी तं बराबरच सांगतलं, काम होऊन राह्यलं म्हणून. मले काऊन काढून राह्यले?”

घोळ लगेच लक्षात आला. आमच्याकडे ‘होऊन राह्यलं’ म्हणजे होत आहे, चालू आहे. पुण्याच्या कानाला ‘राहिलं’ म्हणजे करायचं बाकी.

क्लायंटच्या ऑडिटर मॅडमना फोन करून हे समजावलं. त्यांना पटेना. ग्राहकाचाही असाच गैरसमज झाला असणार, म्हणाल्या. मी म्हटलं, मग त्यालाच विचारू, आणि त्याला कॉन्फरन्सवर घेतलं.

“होऊन राह्यलं म्हणजे तुम्ही काय समजलात?” मॅडमनी विचारलं.

पलीकडून शेतकरी म्हणाला,

“आता तुमाले कसं समजावू बाई? काम चालू आहे ना. तुम्ही नवीनच लागल्या का तिथं?”

मला हसू आवरेना. फेटल त्याच दुपारी मागे घेतला गेला. आमच्या भागातले कॉल तपासायला वऱ्हाडी समजणारा माणूस नेमायचंही ठरलं. वैशालीनं डोळे पुसले, हेडसेट चढवला आणि पुढचा कॉल घेतला.

देशाच्या उत्पन्नात सगळ्यात मोठा वाटा सेवाक्षेत्राचा, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. हल्ली त्यात थोडी भर घालते. आपण विकतो ते बोलणं. ते आंजीत समजलं की माल पोचला. पुण्यात समजलं तर उत्तमच.