आत पडलेल्या अक्षता

मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजीचा चेहरा हल्ली मध्येच गोठत का नाही, आजोबांनी नवा कॉम्प्युटर घेतला का? नाही घेतला. तोच आहे, तुमच्या बाबाच्या अभ्यासाच्या टेबलावर. तो असा पळायला कसा लागला, हे कॉलवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. मूळचे इथल्याच ओवे गावाकडचे. पूर्वी भातशेती होती, ती गेली आणि घरातल्या कर्त्या माणसाने डंपर घेतले. त्याची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजी पक्कं करायला ती वर्षभर माझ्याकडे येत होती. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी तिने अर्ज केला, तो माझ्याच कॉम्प्युटरवरून. वडिलांना ठाऊक नव्हतं. शिकायचं तर इथे शीक, एवढी लांब पाठवणार नाही, असं ते आधीच सांगून बसले होते. त्यामुळे घरात लॅपटॉप मागायची सोय नव्हती.

तिची आई एकदा मुद्दाम वर येऊन मला म्हणाली, "काकू, स्कॉलरशिप भेटली तर त्यांना नाय बोलता येनार नाय. नाय भेटली तर इषयच संपला. परत आमी नाव पन काढनार नाय."

परीक्षा घरूनच द्यायची होती, कॅमेऱ्यासमोर, खोलीत एकटीने. ज्या कॉम्प्युटरवर त्यांचं सॉफ्टवेअर घालून नोंदणी केली, त्याच कॉम्प्युटरवर. मध्ये तो बंद पडला तर परीक्षा तिथेच संपणार, पुन्हा बसता येणार नाही. आणि परीक्षा नेमकी दसऱ्याच्या सकाळी. परदेशातल्या लोकांना दसरा काय माहीत.

सरावासाठी त्यांनी एक नमुना परीक्षा दिली होती. पहिल्यांदा ती सोडवताना सुरुवातीला सगळं ठीक चाललं. निम्मं झालं आणि माउस अडखळायला लागला. मग उत्तरावर टिचकी मारावी आणि वाट बघत बसावं. शेवटी पडदा तसाच थिजला. आतला पंखा मात्र असा घोंघावत होता की स्वयंपाकघरात ऐकू यावा. मुलीने दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

तुमच्या बाबाला फोन लावला. तो कॉम्प्युटर त्यानेच निवडून घेतलेला, त्यामुळे त्याला जरा रागच आला. त्याचं म्हणणं असं की तीन गोष्टी बघायच्या. एक रॅम, म्हणजे हाताशी किती सामान मांडता येतं. रॅम कमी पडली की मशीन दर वेळी उठून कपाटाकडे जातं. दुसरी डिस्क, म्हणजे ते कपाट. जुनी फिरणारी डिस्क असेल तर शोधण्यातच वेळ जातो. आपल्याकडे एसएसडी आहे, न फिरणारी, म्हणून तो प्रश्न नाही. तिसरा प्रोसेसर, प्रत्यक्ष काम करणारा. "तिन्ही उत्तम आहेत आई, तुम्ही नको ते प्रोग्रॅम भरून ठेवले असतील."

मी काही भरून ठेवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी आम्ही दोघींनी सगळं तपासलं. सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद केले, रिकाम्या जागेची खात्री केली, व्हायरसची तपासणी केली. त्याने काडीचाही फरक पडला नाही. शेवटी बाबा म्हणाला, दुकानात न्या. स्टेशनजवळच्या दुकानदाराला फोन केला, तर तो सणासाठी गावी निघालेला, दसऱ्यानंतरच येणार होता.

आता दुसरी अडचण. तुमच्या आजोबांची खंडेनवमी तुम्ही लहानपणी पाहिली आहे. तळोज्याच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली. आजही नवमीला ते मोजमापाचा आपला मायक्रोमीटर, व्हर्नियर, नट आवळायचे पाने, पकडी पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं, अक्षता वाहतात. हा कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्याचीही पूजा होते. पूजेतली वस्तू दसऱ्याच्या दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी वापरायची नाही. यात ते तसूभर हलत नाहीत. एका वर्षी कारखान्यात घाईची ऑर्डर आली म्हणून नवमीलाच पूजेतून उठवून मशीन सुरू केलं आणि त्यांच्या शेजारच्या माणसाचं बोट गेलं. ते गोष्ट म्हणून कधी सांगत नाहीत. पण त्यांच्या मनात काय असतं, ते मला कळतं.

मी अष्टमीला विषय काढला. त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही.

"पोरीने दुसरीकडे बसावं."

"दुसरीकडे चालत नाही. नोंदणी याच्यावर झाली आहे."

"मग एक दिवस पुढे ढकलायला सांग."

"अहो, ती काय आपल्या कॉलनीतली भिशी आहे?"

यावर ते उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, संपलं. एकीकडे मशीन चालत नव्हतं आणि चाललं तरी हे चालवू देणार नव्हते.

नवमीच्या सकाळी मुलगी शेवटचं करून बघायला आली. मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसले. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती आणि ती पडताळून पाहायची होती. रात्रभर बंद असलेला कॉम्प्युटर सकाळी झपाझप चालतो. थिजल्यावर लगेच पुन्हा सुरू केला तर सुरुवातीपासूनच रेंगाळतो. पण बंद करून जेवणं उरकून आलं, तर पुन्हा चपळ. अंगात बळच नसतं तर पहिल्या मिनिटालाही दिसलं नसतं. माउस अडखळायला लागला तेव्हा मी उठून त्या उभ्या डब्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

मी म्हटलं, याला ताप येतोय.

मुलीने फोनवर शोधलं. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणजे तो बिघडलेला नव्हता. जीव वाचवत होता. पण तापतो का? धूळ म्हणावी, तर मी रोज काम संपून तो गार झाला की त्यावर खोळ घालते. धुळीचा कण दिसणार नाही.

बंद करून, वायर काढून, आम्ही तो आडवा ठेवला. स्क्रू बारीक होते. माझ्याजवळचा स्क्रू ड्रायव्हर बसेना. बारीक स्क्रू ड्रायव्हर यांच्या पेटीत, आणि पेटी पाटावर, पूजेला काढून ठेवलेली. मी मागायला गेले. त्यांनी कशाला ते विचारलं नाही. स्वतः घेऊन आले आणि स्वतःच स्क्रू काढायला बसले. परक्या हाताने स्क्रूची खाच खराब होते असं त्यांचं मत आहे.

बाजूचा पत्रा निघाला आणि तिघंही आत वाकलो.

पंख्याच्या मागे पातळ पत्र्यांची एक उभी वीण असते, उष्णता बाहेर टाकणारी. ती वीण लाल झाली होती. कुंकू, हळद, त्यांच्यावर बसलेली निरांजनाची तुपकट काजळी. पत्र्यांच्या फटींत झेंडूच्या वाळून तपकिरी झालेल्या पाकळ्या. तळाशी तांदूळ पसरलेले. एक दाणा पंख्याच्या पात्याशी अडकलेला. डब्याच्या डोक्यावर हवा जायला जाळी आहे, आणि दर खंडेनवमीला नेमकं तिथेच सगळं वाहिलं जात होतं. वरून मी पुसून खोळ घालत होते.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्या मनात आलं, हा माणूस आता उठून जाईल.

त्यांनी चिमट्याने तो दाणा काढला. तळहातावर घेऊन पाहिला. मग म्हणाले, "कारखान्यात नवमीला आधी अर्धा दिवस मशीन खोलून साफ करायचो. पूजा त्यानंतर. हे खोलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं, हे बंद डबडं आहे."

मग मऊ ब्रश मागवला, माझा जुना टूथब्रश, सायकलचा पंप. पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवत, दुसऱ्या हाताने फटीफटीतून ब्रश फिरवत राहिले. आम्हाला हात लावू दिला नाही. मुलगी टॉर्च धरून होती. मध्येच तिची आई वर आली, उघडा पडलेला कॉम्प्युटर पाहून दारातच थबकली. "मोडला काय?" तिने विचारलं. मग ती भिंतीला टेकून उभीच राहिली.

पुन्हा जोडून सुरू केला. नमुना परीक्षा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली. तरी कोणाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, कारण नवमीची पूजा अजून व्हायची होती आणि यांनी होकार दिलेला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी पाटावर सगळं मांडलं. व्हर्नियर, पाने, पकडी. मधोमध एक मोठी जागा रिकामी सोडली आणि बाकीच्यांची पूजा केली. मी बघत होते. "त्याची जागा ठेवली आहे," ते म्हणाले. "उद्या मोकळा झाला की आण."

दसऱ्याच्या सकाळी मुलगी आत बसली, दार लावून. आम्ही दोघं आणि तिची आई हॉलमध्ये. टीव्ही बंद, मिक्सर बंद, श्रीखंड आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. मी दाराशी कान देऊन पंख्याचा घोंघाट यायची वाट बघत होते आणि तो यायला नको होता. खाली रस्त्यावर तिच्या वडिलांचे डंपर हार घालून उभे होते आणि कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. वडील विचारत होते, पोरगी कुठे आहे, गाड्यांना ओवाळायचं आहे. आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिचा आवाज मला ऐकू येत होता. ती खोटं बोलली नाही. "काकूंच्या घरी परीक्षा देते. तुमी ओवाळून घ्या, नायतर थांबा. मी तिला उठवनार नाय." मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. बाहेर आली तेव्हा पदराने ओठ पुसत होती. म्हणाली, "थांबतो बोलले."

हॉर्न थांबला.

दार उघडलं तेव्हा मी आधी तेच विचारलं, मध्ये थिजला का? मुलीने मान हलवली. "नाही आजी. शेवटचे दोन प्रश्न राहिले. ते मला येत नव्हते." आई तिच्याकडे बघत राहिली, मग तिला घेऊन खाली गेली. गॅलरीतून मी पाहिलं, वडील हारवाल्या डंपरला टेकून उभे होते. मुलीने ओवाळलं, मग त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. त्यांनी ते खिशात घातलं आणि तिला काहीतरी विचारलं. ती बराच वेळ बोलत होती. ते ऐकत होते.

निकाल यायचा आहे. आला की तुम्हाला कळवीन.

मी आत आले तर तुमचे आजोबा त्या डब्याच्या डोक्यावर तळहात ठेवून उभे होते. बराच वेळ ठेवून होते, म्हणजे गार होता. मग त्यांनी तो उचलून पाटावरच्या रिकाम्या जागी आणला, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं एक बोट लावलं, आणि अक्षता चिमटीत धरून क्षणभर थांबले. त्या त्यांनी पाटावर ठेवल्या, बाजूला.