अठ्ठावीस रेघा

शटर दुरुस्त करणारा तो माणूस तीस वर्षं एका स्प्रिंगला भीत आला होता. वाघाला भिणारा रानात जात नाही. याला रोज वाघाच्या पिंजऱ्यात हात घालावा लागे.

एवढं जड शटर माणूस एका हाताने वर ढकलतो, कारण ते उचलायची ताकद वरच्या स्प्रिंगमध्ये आधीच भरलेली असते. शटर खाली येताना आपल्या वजनाने स्प्रिंगला पीळ देतं आणि वर जाताना तोच पीळ मदतीला येतो. पण स्प्रिंग बदलायची तर हा साठा रिकामा करावा लागतो. पाव-पाव फेऱ्याने सोडला तर अर्ध्या तासात निमूट जातो. हातातून निसटला तर तेवढाच साठा पापणी लवायच्या आत बाहेर पडतो. त्याच्या उस्तादाचा हात असाच कोपरातून मोडला होता. तो आवाज त्याच्या कानातून कधी गेला नाही.

म्हणून त्याने एक रीत पाडली होती. सात फेरे म्हणजे अठ्ठावीस पाव. भिंतीवर खडूने तेवढ्या रेघा मारायच्या, आणि एक पाव सुटला की खालून एक रेघ पुसायची. दुसऱ्या शिडीवर बायको असे. स्प्रिंगच्या टोकाशी असलेल्या भोकात लोखंडी सळई घालून पीळ पाव फेरा सोडायचा, एकदा त्याची सळई, एकदा तिची.

वर्षभरापासून त्याची बोटं बधिर झाली होती. मूठ घट्ट आहे की सैल, हे डोळ्यांनी पाहावं लागे. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. काम सुटलं तर खायचं काय? हाताला कळेना, म्हणून तो खडूवर भरवसा ठेवी.

त्या दुपारी ते एका लाँड्रीत होते. शटर बंद, आत इस्त्रीची ऊब, खाली लाँड्रीवालीची आवराआवर. सोळा पाव सुटले तेव्हा त्याच्या हाताला गोळा आला. बायकोने सळई चौकटीला नीट टेकवली आणि दोघं पाणी प्यायला मागे गेली. परत येऊन पाहतो तर चारच रेघा! संपत आलं म्हणून त्याला हायसं वाटलं.

चारही पुसून झाल्या. सळई बायकोच्या हातात होती.

"सोड आता."

"अहो, भार आहे यात."

"गंजलंय ते. मोजलंय मी."

"हात माझा आहे ना? ओढतंय."

"तीस वर्षं करतोय हे, तू शिकवतेस का मला? सोड म्हणतो ना!"

तिने ओठ मुडपले. एक बोट सैल केलं.

"उरका हो मिस्त्री," खालून लाँड्रीवाली म्हणाली. "माझी भिंतसुद्धा पुसून झाली, हात पोचला तिथवर!"

त्याने भिंतीकडे पाहिलं. खडूच्या जागेखाली ओला पट्टा होता. खालच्या रेघा त्याने नव्हे, तिच्या फडक्याने पुसल्या होत्या.

"सोडू नकोस!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की लाँड्रीवालीच्या हातातलं फडकं पडलं. बायकोने दोन्ही हातांनी सळई आवळली. शिडी करकरली. त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला.

"किती राहिलेत?" ती दातांवर दात दाबून म्हणाली.

"ठाऊक नाही."

"हाताला काय वाटतं?"

आता लपवायला जागाच नव्हती. "हाताला काही वाटत नाही गं. वर्ष झालं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. सळईचं टोक थरथरत होतं.

"तुमची सळई घाला," ती म्हणाली. "बोटांकडे बघत धरा. भार मी सांगते."

एक पाव. "आहे." दुसरा. "आहे." पाचव्याला ती "कमी झाला" म्हणाली, तरी त्याला श्वास घेववेना. आठव्यानंतर तिने सळई दोन बोटांनी हलवून पाहिली, पुन्हा हलवली, आणि मग काढली. काहीच झालं नाही.

खाली उतरल्यावर तो उलट्या बादलीवर बसला.

"उद्यापासून सोडायचं कधी ते मी सांगणार," बायको म्हणाली. "आणि आधी डॉक्टर."

"ते म्हणतील, काम बंद करा. त्याचीच भीती वाटते मला."

"मघाशी मी सोडलं असतं, त्याच्यापेक्षा जास्त?"

तिने त्याची बोटं आपल्या मुठीत घेतली आणि दाबली. तिने दाबलंय, हे त्याला पाहून कळलं.